कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये कॉम्प्युटर शिकताना : गोव्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

शाळेत कॉम्प्युटरचा तास सगळ्यांनाच असतो. तरी कॉलेजात पहिल्या आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत चाचणीच्या वेळी ‘असाइनमेंट टाइप करा, पीडीएफ करा आणि मेल करा’ असं सांगितलं की पेडणे, सत्तरी, काणकोणहून आलेल्या बऱ्याच मुलांची पंचाईत होते. मोबाइलवर अंगठे झरझर चालतात, पण की-बोर्डासमोर एकेक अक्षर शोधावं लागतं. यात बुद्धीचा काही प्रश्न नाही, सवयीचा आहे. कॉलेजला जेवढं लागतं तेवढं रोज पाऊण तास बसलात तर एका सेमिस्टरमध्ये येतं, फक्त क्रम नीट लावावा लागतो.

बहुतेक जण क्रम उलटा लावतात. आधी रंगीत स्लाइड शिकतात आणि आपली फाइल कुठे सेव्ह झाली हे मात्र सापडत नाही. दुसरी गोष्ट, हात तेच तेच काम पुन्हा करायला लागला की थांबायचं. स्पेसबार दाबून दाबून शीर्षक मध्ये आणणं, कॅल्क्युलेटरवर बेरीज करून आकडा शीटमध्ये भरणं, अनुक्रमणिकेतले पान क्रमांक हाताने लिहिणं, हे सगळं प्रोग्रॅम स्वतः करतो. ते त्याला सांगायचं कसं, एवढंच शिकायचं आहे.

सोयीसाठी इथे बटणांची आणि सूत्रांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती इंग्रजीतच दिसतील आणि सूत्रं इंग्रजी अक्षरांतच टाइप करावी लागतील.

१. आधी काय जमवायचं

- कॉलेजने दिलेला ईमेल आयडी आणि त्याचा पासवर्ड. पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.
- स्वतःचा साधा जीमेल आयडी, नाव-आडनाव असलेला. ‘कूलबॉय’ छापाच्या आयडीवरून प्राध्यापकांना असाइनमेंट पाठवू नका.
- १६ किंवा ३२ जीबीचा एक पेन ड्राइव्ह.
- लॅबचं वेळापत्रक. वर्ग नसताना लॅब उघडी असते का, हे लॅब असिस्टंटना विचारा. गावची कदंब बस किती वाजता सुटते ते धरूनच सरावाची वेळ ठरवा.
- ओळखपत्र, कारण लॅबच्या वहीत नोंद करावी लागते.

लॅपटॉप नसला म्हणून अडत नाही. घ्यायचाच असेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी या कामांना पुरते. ‘गेमिंग’ लॅपटॉपवर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आधी चौकशी करा. कॉलेजची मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी असेल तर कॉलेजच्या मेल आयडीवर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतात. तशी सोय नसेल तर लिबरऑफिस टाका. ते कायदेशीररीत्या मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि त्यातले रायटर, कॅल्क, इम्प्रेस म्हणजे अनुक्रमे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटच्या जागचे प्रोग्रॅम. ‘ऑफिस फुकटात ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका. असल्या ॲक्टिव्हेटरसाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि त्याच वाटेने व्हायरस आत शिरतो.

२. फाइल कुठे गेली?

हा भाग कंटाळवाणा आहे, पण रडारड सगळ्यात जास्त इथेच होते.

विंडोज आणि ई एकत्र दाबा, फाइल एक्सप्लोरर उघडेल. तिथे ‘सेम १’ नावाचं फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक विषयाचं वेगळं. नाव बदलायला एफ२ दाबायचं. फाइलच्या नावात विषय, रोल नंबर आणि तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ अशी नावं ठेवलीत तर सबमिशनच्या दिवशी चुकीची फाइल जाणार हे नक्की.

व्ह्यू मेनूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून ठेवा. मग नावापुढे डॉक्सएक्स (वर्डची फाइल) आहे, ओडीटी (रायटरची) आहे की पीडीएफ, हे दिसतं. एक्स्टेन्शनच्या जागी पीडीएफ असं लिहिलं म्हणून वर्डची फाइल पीडीएफ होत नाही. ती समोरच्याकडे उघडणारच नाही.

नेहमीचे सापळे असे:

मेलमधली फाइल थेट उघडून तीत लिहीत बसणं. अशी फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडते. तासभर लिहून सेव्ह केलं तरी नंतर ती सहजी सापडत नाही. आधी डाउनलोड करून आपल्या फोल्डरमध्ये आणायची आणि मगच उघडायची. वर पिवळी पट्टी दिसली तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबावं लागतं, पण फाइल ओळखीच्या माणसाने पाठवली असेल तरच.

लॅबच्या डेस्कटॉपवर काम ठेवणं. बऱ्याच लॅबमध्ये मशीन पुन्हा सुरू झालं की आधीच्या स्थितीला जाईल अशी व्यवस्था केलेली असते. काल ठेवलेलं आज पुसलेलं असतं. उठण्यापूर्वी पेन ड्राइव्हवर एक प्रत आणि गूगल ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्याच जागेत जीमेल आणि फोटोही मोजले जातात.

पेन ड्राइव्ह ओढून काढणं. आधी ‘इजेक्ट’, मग काढायचा. आणि बाहेर कुठे लावून आणल्यावर आत फाइलींऐवजी नुसते शॉर्टकट दिसू लागले तर त्यांवर क्लिक करू नका. बहुतेक वेळा फाइली आतच लपवलेल्या असतात. अँटिव्हायरसने तपासून लॅब असिस्टंटकडून परत मिळवता येतात.

लॅबमध्ये जीमेल उघडायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून क्रोमची खासगी खिडकी वापरा. व्हॉट्सॲप वेब लावलं असेल तर उठताना फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून लॉगआउट करा. हे विसरणाऱ्यांचे मेसेज पुढची बॅच आवडीने वाचते.

जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही. दर परिच्छेदानंतर कंट्रोल-एस दाबायची सवय लावा. शिवाय वर्डच्या ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’ भागात ऑटोरिकव्हरची, म्हणजे आपोआप प्रत ठेवण्याची वेळ १० मिनिटं असते, ती ३ करा.

३. टायपिंग : इंग्रजी आणि मराठी

की-बोर्डावर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवा, बाकीची बोटं ओळीने शेजारी. पहिले दहा-बारा दिवस वेग कमी होतो, वैताग येतो. तरीही खाली बघायचं नाही. मिनिटाला २५ ते ३० शब्द जमले की कॉलेजच्या कामाला पुरे.

मराठीसाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडून मराठी भाषा जोडा. मग विंडोज आणि स्पेसबार दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. दोन वाटा आहेत. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगच्या अंदाजाने लिहिता येतं, लगेच सुरुवात होते. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची ठरलेली की-बोर्ड मांडणी शिकायला तीन-चार आठवडे लागतात, पण त्यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा हात बसला की शुद्धलेखनावर नियंत्रण राहतं. वर्षाला दोन असाइनमेंट मराठीत असतील तर फोनेटिक ठीक. बीएला मराठी किंवा कोकणी घेतली असेल तर सरळ इनस्क्रिप्ट शिका. देवनागरी कोकणीलाही तोच हात चालतो.

इनस्क्रिप्टची ओळख : ‘के’वर क, शिफ्ट धरून ख. ‘एच’वर प, शिफ्टने फ. ‘डी’वर हलन्त, म्हणजे जोडाक्षराची कळ. ‘क्य’ हवं तर क, हलन्त, य. मराठीला खास लागणारा ‘ऱ्य’ अनेकांना सापडत नाही, मग ‘दुसऱ्या’मधल्या ‘र’चा रफार होऊन तो ‘या’च्या डोक्यावर बसतो. तो असा काढायचा : शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग य. मराठीच्या प्राध्यापकांची नजर आधी तिथेच जाते.

फॉन्ट युनिकोडच हवा : मंगल, कोकिळा, निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी. डीटीपीच्या दुकानांतून अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. बाहेरून टाइप करून घेणार असाल तर ‘युनिकोडमध्येच हवं’ हे आधी बजावा.

आणखी एक घोळ होतो. अक्षरांचा आकार बदलला तरी मराठी मजकूर तसाच राहतो. कारण हे प्रोग्रॅम देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या वेगळ्या गटात धरतात आणि तिचा फॉन्ट, आकार वेगळा नोंदवतात. लिबरऑफिसच्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा. वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा भाग दिसेल, तिथे बदला.

४. वर्ड किंवा रायटर : एक पूर्ण प्रोजेक्ट करून शिका

मेनू पाठ करत बसू नका. आठ-दहा पानांचा एखादा खरा विषय घ्या. उदाहरणार्थ, आपल्या वाड्यावरच्या काजूच्या भट्ट्या किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. त्यावर पुढचं सगळं क्रमाने करा.

पान : लेआउटमध्ये ए४, म्हणजे २१ गुणिले २९.७ सेंटिमीटर. काही मशीनवर अमेरिकेतला ‘लेटर’ आकार ठरलेला असतो आणि तो बघायचा राहतो. मग छापताना मजकूर खालीवर सरकतो. समास चारही बाजूंनी २.५४ सेंटिमीटर, बाइंडिंग असेल तर डावीकडे थोडा जास्त.

मजकूर : १२ आकार, ओळींत १.५ अंतर, कॉलेजने वेगळं सांगितलं नसेल तर. नवं पान सुरू करायला एंटर दाबत खाली जाऊ नका, कंट्रोल आणि एंटर दाबा. नाहीतर वर दोन ओळी वाढल्या की खालची सगळी पानं विस्कटतात. शीर्षक मध्ये आणायला कंट्रोल-ई. कुणी स्पेस आणि एंटर मारमारून सजावट केली आहे का, ते कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की उघड होतं : प्रत्येक स्पेस ठिपक्यासारखी दिसते. ते बटण वर्डमध्ये होम टॅबवर परिच्छेदाच्या खुणेचं म्हणूनही आहे.

स्टाइल : वर्ड येतं आणि येत नाही यातला खरा फरक इथे आहे. प्रकरणाचं नाव निवडून नुसतं ठळक आणि मोठं करू नका. त्याला ‘हेडिंग १’ द्या, पोटशीर्षकाला ‘हेडिंग २’. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१, रायटरमध्ये कंट्रोल-१. दिसायला फरक थोडा, पण आता हे शीर्षक आहे हे प्रोग्रॅमला कळलेलं असतं. सगळ्या प्रकरणांची नावं निळ्याऐवजी काळी हवी असतील तर हेडिंगची स्टाइल एकदा बदलायची, पंधरा ठिकाणी नाही.

अनुक्रमणिका : वर्डमध्ये ‘रेफरन्सेस’, मग ‘टेबल ऑफ कंटेंट्स’. रायटरमध्ये ‘इन्सर्ट’मधून. हेडिंग दिलेली असली तर पान क्रमांकांसह यादी आपोआप तयार होते. मजकूर बदलल्यावर यादीवर उजवं क्लिक करून ‘अपडेट’ करायचं, हे मात्र आठवणीने. यादी जुनीच राहिली की प्रोजेक्ट घाईत उरकलाय हे लगेच कळतं.

मुखपृष्ठावर क्रमांक नको आणि पुढच्या पानापासून १ हवा? पानाच्या तळाशी फूटरच्या जागेत दोनदा क्लिक करा, ‘डिफरंट फर्स्ट पेज’वर खूण करा, मग ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये ‘स्टार्ट ॲट’ ० ठेवा. मुखपृष्ठ शून्यावं झालं की दुसऱ्या पानावर १ येतो.

चित्रं : चित्र उड्या मारत असेल तर त्याची मांडणी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. देखणं नसेल कदाचित, पण जागेवर राहतं.

नेटवरून उतारा चिकटवला की करडी पार्श्वभूमी आणि भलता फॉन्ट सोबत येतो. कंट्रोल-शिफ्ट-व्हीने नुसता मजकूर चिकटतो. जुन्या वर्डमध्ये ते चाललं नाही तर उजव्या क्लिकमधून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’. अर्थात मजकूर तुमचाच असावा. करडी पट्टी गेली तरी नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला वाक्यं ओळखू येतात.

५. एक्सेल किंवा कॅल्क : आपल्याच हजेरीपासून सुरुवात

कॉमर्सवाल्यांना याची धास्ती नसते. आर्ट्सवाले ‘आम्हाला काय करायचंय’ म्हणतात आणि सर्व्हे प्रोजेक्ट आला की धावतात.

चार स्तंभ करा : ए मध्ये विषय, बी मध्ये झालेले तास, सी मध्ये हजर तास, डी मध्ये टक्के. दुसऱ्या ओळीत डी२ मध्ये लिहा : =सी२/बी२*१००. एंटर. आता डी२ च्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला बारीक चौकोन धरून खाली ओढा. प्रत्येक ओळीत सूत्र स्वतःच सी३/बी३, सी४/बी४ असं बदलतं. सूत्रातलं ‘*१००’ ठेवून वर टक्केवारीचं बटणही दाबलंत तर ६७.५ च्या जागी ६७५०% दिसेल. दोहोंपैकी एकच करायचं.

ई२ मध्ये : =इफ(डी२<७५,"कमी","ठीक"). अवतरणातला शब्द मराठीतही चालतो. एफ२ मध्ये : =३*बी२-४*सी२. ७५ टक्क्यांवर पोचायला यापुढे न चुकवता किती तास बसावं लागेल ते हे सूत्र सांगतं. ४० पैकी २७ तास हजर असाल तर उत्तर १२. ५२ पैकी ३९ झाले की बरोबर ७५ टक्के. उत्तर उणे आलं तर तुम्ही सुखरूप आहात.

बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह. सरासरीला ॲव्हरेज, मोजणीला काउंट, अटीसह मोजायचं तर काउंटइफ. सर्व्हेत ‘होय’ किती जणांनी म्हटलं ते =काउंटइफ(बी२:बी६१,"होय") लगेच सांगतं. मात्र कुणी ‘हो’, कुणी ‘होय’, कुणी शेवटी एक स्पेस देऊन भरलं असेल तर मोजणी कमी येते. म्हणून माहिती भरतानाच शब्द एक ठेवा.

डॉलरचं चिन्ह : सहलीच्या बसचं माणशी भाडं एच१ मध्ये एकदाच लिहिलंय आणि प्रत्येक ओळीतल्या माणसांच्या संख्येला त्याने गुणायचंय. =बी२*एच१ लिहून खाली ओढलंत तर पुढे एच२, एच३ होतं आणि सगळीकडे शून्य येतं. सूत्रात एच१ वर असताना एफ४ दाबा, $एच$१ होईल आणि तो पत्ता हलणार नाही. लॅपटॉपवर बहुधा एफएन कळ सोबत दाबावी लागते.

इथे हमखास फसतात ते असं :

#### दिसलं तर घाबरू नका, स्तंभ अरुंद आहे, रुंद करा. #डीआयव्ही/० म्हणजे रिकाम्या किंवा शून्य असलेल्या चौकटीने भागलं. #नेम? म्हणजे सूत्राच्या नावात स्पेलिंग चुकलं.

रोल नंबर ००७ लिहिला की नुसता ७ उरतो. १२ अंकी आधार क्रमांक १.२३ई+११ असा काहीतरी दिसतो, आणि १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक चक्क शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपलीकडे नेमकेपणा ठेवत नाही. असे क्रमांक भरण्याआधी स्तंभ ‘टेक्स्ट’ करा किंवा आधी एक अपॉस्ट्रॉफी टाका. भरून झाल्यावर बदललंत तर गेलेला अंक परत येत नाही.

तारीख : मशीनची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०७ ही ७ मे समजली जाते आणि १३/०७ ही तारीखच समजली जात नाही, ती चौकटीत डावीकडे चिकटते. विंडोजच्या ‘रीजन’मध्ये भारत निवडा.

सॉर्ट करताना फक्त गुणांचा स्तंभ निवडलात तर नावं जागेवर राहतात आणि गुण हलतात; एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर. ‘एक्स्पांड द सिलेक्शन’ विचारलं की तेच घ्यायचं. चूक झालीच तर ताबडतोब कंट्रोल-झेड.

छापण्यापूर्वी ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ निवडा. नाहीतर शेवटचा एक स्तंभ वेगळ्या कागदावर येतो आणि झेरॉक्सवाला त्याचेही पैसे घेतो.

६. स्लाइड

यात शिकण्यासारखं कमी आणि टाळण्यासारखं जास्त. अक्षर २४ पेक्षा लहान नको, एका स्लाइडवर पाच-सहा ओळी पुरे, हलती अक्षरं नकोतच. एफ५ ने सुरू, शिफ्ट-एफ५ ने समोरच्या स्लाइडपासून, मध्येच बी दाबलं की पडदा काळा होतो आणि वर्ग तुमच्याकडे बघतो.

प्रोजेक्टरला जोडल्यावर पडद्यावर नुसता वॉलपेपर दिसला तर विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि वर्गातला प्रोजेक्टर जुन्या व्हीजीएचा, असं असू शकतं. अडॅप्टर आदल्या दिवशी शोधा. आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवा.

७. पाठवणं आणि छापणं

छापायला वर्डची फाइल नेऊ नका. दुकानातल्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात, अनुक्रमणिका चुकते. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा, ती एकदा स्वतः उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा आणि मग न्या. चवथीच्या सुट्टीनंतर लगेच सबमिशन असेल तर छपाई सुट्टीआधीच उरकून घ्या. सणात दुकानं बंद आणि नंतर रांग.

मेलमध्ये विषयाच्या ओळीत रोल नंबर, वर्ग, असाइनमेंटचं नाव. आत दोन ओळी लिहा, कोरा मेल पाठवू नका. जीमेलला २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते. त्यापेक्षा मोठी असेल तर ती ड्राइव्हवरून जाते आणि तेव्हा ‘एनीवन विथ द लिंक’ ही परवानगी द्यावी लागते, नाहीतर प्राध्यापकांना ‘ॲक्सेस मागा’ एवढंच दिसतं. हस्तलिखित पानं पाठवायची तर फोनच्या गॅलरीतले दहा फोटो नकोत. ड्राइव्ह ॲपमधल्या स्कॅनने एकच पीडीएफ करा.

८. कोर्स लावायचा का?

आधी फुकटातलं बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिसचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर रायटर, आणि दर पायरीला थांबून स्वतः करायचं. नुसते बघून काही येत नाही.

प्रमाणपत्र हवंच असेल तर नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा सीसीसी हा कॉम्प्युटर कोर्स आहे : ८० तासांचा अभ्यासक्रम, ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न. अभ्यासक्रमात लिबरऑफिसच आहे, त्यामुळे वरचा सराव थेट कामी येतो. बांदा-सावंतवाडीकडचे नातेवाईक एमएस-सीआयटी हा तिकडचा कॉम्प्युटर कोर्स कर म्हणून सांगतील. ते महाराष्ट्रातल्या नोकऱ्यांच्या हिशेबाने ठीक आहे. गोव्यातली नोकरी डोळ्यांसमोर असेल तर पैसे भरण्याआधी इथल्या जाहिराती वाचा. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा कॉम्प्युटरवरच होतात आणि कारकुनाच्या जाहिरातींत टायपिंगचा वेग, कॉम्प्युटरचं ज्ञान, कोकणीचं ज्ञान असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे नेमकं कोणतं प्रमाणपत्र मागितलंय, किंवा मागितलंय तरी का, ते बघून ठरवा. टायपिंगची परीक्षा प्रमाणपत्र दाखवून चुकवता येत नाही, त्यामुळे रोजची पंधरा मिनिटं तिसऱ्या भागातल्या टायपिंगला राखून ठेवा.